खुंटीवरचं बटण

आमच्या दवाखान्यात कान तपासायची एक खोली आहे. खोली म्हणजे खोलीतली खोली. जाड दार, बाजूला आत बघायला एक काच, चारी भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि वायर जोडलेलं एक बटण. आवाज आला की पेशंटनं बटण दाबायचं, मग बाहेर मशीनवर लाल दिवा लागतो. झाली तपासणी. बावीस वर्षं त्या मशीनसमोर करुणाबाई बसल्या. यंदाच्या तुरी निघाल्या की त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. आता तिथे नागपूरहून शिकून आलेली एक चुणचुणीत मुलगी बसते. चांगलं काम करते, माझी काही तक्रार नाही. खरं तर मला हल्ली कशाबद्दलच फारसं काही वाटत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कुणी माझ्याकडून गहिवराची अपेक्षा करेल.

मी तिथला कंपाउंडर, बाईंसोबत शेवटची आठ वर्षं काढलेला. नंबर लावायचे, केसपेपर काढायचे, म्हाताऱ्यांना हात धरून आत न्यायचं. वर्ध्यातला हा कान-नाक-घशाचा दवाखाना जुना आहे आणि पेशंट बहुतेक खेड्यांतले. त्यांना ऑडिओमेट्री वगैरे शब्द कोण सांगणार? ते म्हणायचे, "कानवाल्या बाई आल्या का?" करुणाबाईंनाही ते नाव पसंत होतं.

बाई उंचीनं लहान, रंगानं सावळ्या, नेहमी सुती साडीत. हातात बांगडी नाही, कारण बांगडी वाजते. मनगटावर घड्याळ नाही, कारण तेही वाजतं म्हणे. खोलीतला पंखा त्या बंद ठेवायच्या, मे महिन्यातसुद्धा. वर्ध्याचा मे ज्यानं काढलाय त्याला या बाईची जिद्द समजेल. बोलायच्या इतक्या हळू की कान तपासणाऱ्या बाईनं असं बोलावं याची मला गंमत वाटायची. आणि एक गोष्ट दोनदा सांगायच्या नाहीत. ऐकलं नाही तर तुमची चूक.

त्या नालवाडीला राहायच्या, एकट्याच. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. घराजवळ त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची टिनाची शेड होती, तिथे दर रविवारी उपासना. दवाखाना साडेनऊला उघडायचा, पण बाई नऊलाच येऊन बसायच्या, आणि बसायच्या त्या खोलीत. दार लावून, हेडफोन कानाला लावून, मशीन बंद. अर्धा तास. मी झाडलोट आटपून काचेतून बघायचो तर डोळे मिटलेले, हात मांडीवर. पहिला पेशंट आला की मी दार ठोठावायचं, हे आमचं ठरलेलं.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "साऱ्या वर्ध्यात ही एकच जागा आहे गजूभाऊ, जिथं काई ऐकू येत नाई."

"मग तिथे बसून करता काय?"

"ऐकतो."

त्या स्वतःबद्दल बोलताना कधीकधी असं पुरुषासारखं बोलायच्या, ऐकतो, जातो. सवयीचा भाग. देवाचं ऐकायला बसतात हे मला नंतर कळलं. मग मी चेष्टा सुरू केली. रोज बाहेर आल्या की विचारायचो, "आज रेंज होती का?" त्या हसायच्या. एकदा म्हटलं, "बाई, बटण तरी हातात घेत जा. दिवा लागला तर आम्हालाही कळेल तुमचा देव बोलला म्हणून." बटण कायम खुंटीवर टांगलेलं असायचं, त्या बसलेल्या असताना तर हमखास. त्या दिवशी मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते माझ्यासाठी नाई अजून."

मी केसपेपर लावायला लागलो. मला वाटलं, असेल काही त्यांच्या धर्मातलं.

त्यांच्या कामात एक खुबी होती. मशीनमधून बारीक आवाज सोडायचा, कमी कमी करत न्यायचा, पेशंटला कुठवर येतो ते कागदावर मांडायचं. पण माणसं हुशार. एका ठेक्यात आवाज आला की ठेका पकडतात आणि ऐकू न येताच बटण दाबत राहतात. म्हणून बाई मध्येच थांबायच्या. अर्धा मिनिट, कधी पूर्ण मिनिट, काहीच सोडायच्या नाहीत. त्या रिकाम्या वेळात माणूस कळतो असं त्यांचं म्हणणं.

केळझरकडचे एक रिटायर गुरुजी आले होते. सुनेनं जबरदस्तीनं आणलेले. आपल्याला कमी ऐकू येतं हे मान्यच नाही. आत बसले आणि दिवा जो लागायला लागला तो थांबेचना. बाई शांतपणे बघत राहिल्या. मग दार उघडून आत गेल्या, त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाल्या, "गुरुजी, मी अजून आवाज सोडलाच नाई."

गुरुजी ओशाळले. मला हसू आवरेना. बाईंनी मात्र मला नजरेनंच बाहेर काढलं. नंतर म्हणाल्या, "हसू नोका त्यायले. ज्याले ऐकू यावं असं लई वाटते ना, तोच न आलेल्या आवाजाले बटण दाबते. खोटारडा नाई राहत तो."

मंडळीतल्या बायका त्यांना फार मानायच्या. दवाखान्यातही यायच्या, कान चांगले असताना. पोरीचं स्थळ आलंय, देव काय म्हणतो? पोराला पुण्याला पाठवू का, प्रभूनं काही दाखवलं का? बाई ऐकून घ्यायच्या आणि दरवेळी एकच सांगायच्या, "मले काई ऐकू नाई आलं, माय." बायकांना वाटायचं, केवढी नम्रता. त्यांची भक्ती आणखी वाढायची. एक तरुण बाई एकदा माझ्यासमोर उत्साहानं म्हणाली, "देव मले म्हणते का तू नोकरी सोड." करुणाबाईंनी तिचा हात धरला. चांगला घट्ट धरला. "मले वाटते, असं म्हण. देव म्हणते, असं नोको म्हणू. लेकी, या दोहीच्या मधात माणसं मरतात."

ती पोरगी बिचकली. मीही. मरतात हा शब्द त्या बाईंच्या तोंडी शोभत नव्हता.

त्या सुमारास माझी बायको वारली. काविळीचं निमित्त झालं, तीन आठवड्यांत आटोपलं. तेरवी झाली आणि चौदाव्या दिवशी मी कामावर हजर. मला रडू आलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. जेवायचो, झोपायचो, स्कूटरला किक मारायचो. लोकांनी खूप काही सांगितलं. देवाला आवडली, भोग सरला, आता पुढचं बघा. सगळं ऐकू यायचं आणि कुठेच पोचायचं नाही. करुणाबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्या टेबलावर त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा रोज यायचा, तेवढंच.

एक दिवस डॉक्टर वैतागून म्हणाले, "अहो, याला तीन हाका माराव्या लागतात. बाई, ह्याचे कान बघा."

बसलो आत. हेडफोन लागला, बटण हातात आलं. काचेपलीकडे बाई. पंधरा मिनिटं झाली असतील, त्या आत आल्या आणि समोर कोरा कागद धरला. एकही खूण नव्हती.

"काईच नाई आलं?"

"येत होता."

"मंग?"

"येत होता, बाई. बारीकसुद्धा येत होता. पण दाबावंसं वाटलं नाही."

खरंच तसं होतं. टूं असा आवाज यायचा, मला कळायचं की आता अंगठा हलवायचा, आणि अंगठा हलायचा नाही. त्यात दुःख वगैरे काही नव्हतं. नुसतं पडून राहिल्यासारखं होतं.

बाई तिथेच, त्या अरुंद जागेत, जमिनीवर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी उठलो तर म्हणाल्या, "बसा. दार लावून घ्या." आणि मग त्या गाद्यांच्या भिंतीआड, जिथे बाहेरचं कुणी ऐकू शकत नव्हतं, त्यांनी मला सांगितलं.

पुलगावला त्यांची मोठी बहीण होती, लीलाताई. तिला एकच मुलगी, एस्तेर, नववीत होती. तिला मेंदूचा ताप आला. नागपूरला नेलं, डॉक्टर करायचं ते करत होते, आणि इकडे पुलगावच्या गल्लीत मंडळीची माणसं प्रार्थनेला जमली. त्या सभेत करुणाबाई उभ्या राहिल्या. तेव्हा त्या जोरात बोलायच्या म्हणे. सगळ्यांसमोर म्हणाल्या, प्रभूनं मला सांगितलंय, पोरगी बरी होते.

"आवाज आला होता का?" मी विचारलं.

"नाई. मले पायजे होता."

लीलाताईनं मात्र विश्वास ठेवला. बाजारातून कापड आणून तिनं मुलीसाठी दहावीचा नवा ड्रेस शिवायला घेतला. काजं-बटणं करायची राहिली होती तेव्हा मुलगी गेली. मातीच्या दिवशी गल्लीतल्या कुणीतरी करुणाबाईंना विचारलं, तुम्हाला तर सांगितलं होतं ना देवानं? आणि सगळ्यांच्या पुढ्यात, बहीण समोर बसलेली असताना, त्या म्हणाल्या, "देवाचं खोटं नाई होत. ताईचाच विश्वास कमी पडला."

हे वाक्य सांगताना बाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, हळू आणि सपाट. लीलाताईनं त्या दिवसापासून चर्च सोडलं आणि बहिणीशी बोलणंही.

"मंग काई महिन्यांनी एका सकाळी आला आवाज. कानानं नाई येत तो. पण आला, इतका साफ का चुकायची सोय नाई. म्हणे, मी बोललो नव्हतो, हे तिले जाऊन सांग. तिच्या गल्लीत जाऊन सांग. बस. नऊ वर्षं झाले, गजूभाऊ. त्याच्यानंतर काईच नाई बोलला तो."

"रोज बसता तरी?"

"कायले बोलंल? मागचंच पडून आहे. चारदा गेल्ती, पुलगावच्या स्टँडवरून परत आली. लोकं मले ऐकणारी बाई म्हणतात. तिथं जाऊन काय सांगू, मी देवाच्या नावानं थाप मारली म्हणून? तुमाले वाटते मले ऐकू नाई येत. मले आलं होतं ऐकू. तुमच्यासारखंच. अंगठा नाई हलला."

बटण हातात घेण्याचा हक्क आधी सांगितलेलं केल्यावरच, असा तो हिशेब होता. मला देवधर्मातलं काही कळत नाही. आमचं घर केळझरच्या गणपतीचं, वर्षातून दोनदा हात जोडायचे नि मोकळं व्हायचं. पण तो कोरा कागद माझ्या मांडीवर होता आणि बाई जमिनीवर बसल्या होत्या. एवढं मात्र मला कळलं.

पुढच्या गुरुवारी दवाखाना बंद होता. बुधवारी संध्याकाळी बाई म्हणाल्या, "उद्या मले स्कूटरवर पुलगावले नेता का? एकटी गेली तं परत येईन."

निघालो. थंडी होती, बाईंनी कानाला मफलर बांधला होता. देवळीला चहाला थांबलो तर चहा हातातच ठेवून म्हणाल्या, "आज परत जाऊ. मले कणकण वाटून राह्यली."

"मला काही वाटत नाही, बाई," मी म्हटलं. "बसा मागे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच जरा हसल्या. "म्हणूनच तुमाले आणलं. दुसऱ्या कोणाले माझी दया आली असती."

माझ्या मेलेपणाचा कुणाला उपयोग झाला तो तेवढाच.

लीलाताई अंगणात तुरी पाखडत बसल्या होत्या. बाईंसारखाच चेहरा, पण वाळलेला. शेजारी तीन-चार बायका. त्या लगबगीनं उठल्या, "करुणाबाई! प्रेज द लॉर्ड!" कुणी पाणी आणलं, कुणी शेजारच्या घरातून आपल्या सुनेला बोलावलं, बाईंचा हात डोक्यावर ठेवून घ्यायला. लीलाताई सूप हलवत राहिल्या.

करुणाबाई त्यांच्यासमोर बसल्या. "ताई, मले देवानं सांगतलं नव्हतं," त्या त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "एस्तेरचं. मी माह्या मनानं बोलली होती."

लीलाताईंनी सूप थांबवलं नाही. "काय म्हणतं? कमी ऐकू येते मले आताशा."

 बाई तेच जरा मोठ्यानं म्हणाल्या.

"नाई समजत. जोरानं बोल."

आठ वर्षांत माझ्यासमोर ज्या बाईनं एक गोष्ट दोनदा सांगितली नाही ती उठून उभी राहिली आणि ओरडली. गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडली. "देव बोलला नव्हता! मी थाप मारली होती! तुह्या विश्वासात काई कमी नव्हतं, ताई! माह्याच तोंडात खोटं होतं!"

समोरच्या घराचं दार उघडलं. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबला. डोक्यावर हात ठेवून घ्यायला आलेली सून दोन पावलं मागे सरली. एका बाईनं तोंडाला पदर लावला. 

लीलाताईंनी सूप खाली ठेवलं. हात झटकले. "पह्यल्याच बारीले ऐकू आलं होतं मले," त्या म्हणाल्या. "गल्लीले येऊ दिलं." आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा झाला. त्यात साखर जास्त होती. दोघी बहिणी रडल्या नाहीत, गळ्यात पडल्या नाहीत. माफ केलं असंही कुणी म्हटलं नाही. आम्ही निघालो तेव्हा लीलाताई फाटकापर्यंत आल्या आणि दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "डाव्या कानानं खरंच कमी येते. पाह्यजो एक दिवस."

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "फसवलं की तुम्हाला ताईंनी."

"मले पह्यल्याच वाक्याले समजलं होतं," मागून आवाज आला. "ज्याले नाई येत ऐकू तो तोंडाकडं पाह्यते. ताई सुपाकडंच पाहत होती."

"मग ओरडल्या कशाला?"

"तिनं मांगतलं तितकं तरी द्या लागन ना."

देवळी मागे पडली. मी विचारलं, "हलकं वाटतंय का आता?"

"नाई."

"काही ऐकू आलं? वरून?"

"नाई."

"मग मिळालं काय एवढं करून?"

मागून त्या म्हणाल्या, "जाऊन सांग म्हणे, सांगून आली. हलकं वाटंल असं थोडीच म्हणाला होता तो."

शुक्रवारी त्यांनी सुट्टी घेतली, कणकण खरीच निघाली होती. शनिवारी आल्या. रविवारी उपासनेहून घरी गेल्या, चहाचा पेला विसळून पालथा घातला, आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. मातीला मी गेलो होतो. पास्टर म्हणाले, आपल्या या भगिनीनं नेहमी प्रभूचा आवाज ऐकला. तेव्हा पुढे बसलेल्या लीलाताई मोठ्यानं म्हणाल्या, "नेहमी नाई." पास्टर अडखळले, मग प्रार्थनेला लागले. लीलाताई शवपेटीजवळ शेवटपर्यंत बसून होत्या. मलाही तिथे रडू आलं नाही. तसा मी प्रयत्न केला होता.

मला राहून राहून आठवतो तो आदला दिवस, शनिवार. मी नऊला पोचलो, झाडू घेतला, आणि सवयीनं काचेतून आत बघितलं. बाई खुर्चीत होत्या. हेडफोन कानाला, डोळे मिटलेले. खुंटी रिकामी होती. बटण त्यांच्या हातात होतं, अंगठा वर टेकलेला, अगदी आपण पेशंटला शिकवतो तसा.

मी झाडू भिंतीला टेकवला आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसलो. मशीन बंद होती, दिवा कसा लागणार, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी तिचा खटका चालू केला. आवाजाचा नाही, नुसता दिव्याचा. आणि त्या काळ्या पडलेल्या छोट्या दिव्याकडे बघत बसलो. लाग, असं मी मनात म्हणालो. बायको गेल्यापासून मला काहीतरी व्हावंसं वाटलं ते तेव्हा.

साडेनऊला सेलूकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आली. तिनं बंद दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कानवाल्या बाई हायेत ना?"

मी दार ठोठावलं नाही. म्हटलं, "बसा, आजी. आत टेस्ट चालू आहे."